चिमट्यातली कमान

दसऱ्याच्या सकाळी आमच्या वसमतला घरोघरी मोटरसायकली धुऊन अंगणात उभ्या करतात. हॅन्डलला झेंडूची माळ, दिव्यावर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. इंजिनाला हळदकुंकू मिळते, टाकीला मिळते, मागच्या नंबराच्या पाटीलाही मिळते. परंतु पुढच्या नळ्यांत तेलात बुडून बसलेल्या कमानीची आठवण कोणाला होत नाही. ती दिसत नाही, बोलत नाही, आणि जोवर नीट काम करते तोवर आपले अस्तित्वही जाणवू देत नाही. मी मात्र गेली पस्तीसेक वर्षे त्या नळ्यांना आवर्जून हळदीचे बोट लावतो. घरची मुले हसतात. त्यांनी खुशाल हसावे. या सवयीमागे एक इतिहास आहे. थोडासा माझा आणि पुष्कळसा जगाचा. दिवाळीच्या फराळाबरोबर तो सांगायला हरकत नाही.

आधी शब्दांचा उलगडा करतो. मोटरसायकलचे पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेले असते, त्यांना आमच्याकडचे मिस्त्री चिमटा म्हणतात. त्या पायांच्या पोटातील स्प्रिंगला जुनी माणसे कमान म्हणत. कमान हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ धनुष्य. टांग्याच्या आणि लॉरीच्या पोलादी पट्ट्या धनुष्यासारख्या वाकलेल्या, म्हणून त्या कमानी झाल्या. चिमट्यातली स्प्रिंग वेटोळ्यांची असते, तिचे धनुष्याशी रूपसाम्य काही नाही. पण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या मुलखाने फारसी-उर्दूतले शब्द एकदा घरात घेतले ते पुन्हा बाहेर काढले नाहीत. तेव्हा मीही कमानच म्हणतो.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीला कमान नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये कणा आणि कण्यावर थेट साटा. रस्त्याचा प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत विनाअडथळा पोचत असे. उपाय एकच, खाली कडब्याच्या पेंढ्या आणि वर घोंगडी. लेकुरवाळी बाई माहेराहून निघाली की तिच्याखाली एक पेंढी जास्त घालीत. गाडी मंद चाले, म्हणून हे निभावत असे. धक्क्याचा जोर वेगाबरोबर वाढतो, हे ज्ञान बैलाला नसले तरी त्याचा लाभ माणसाला मिळत होता.

वेग वाढू लागला तशी कमानीची गरज भासू लागली. इंग्लंडात ओबडाया इलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी दोन धनुष्ये समोरासमोर जोडल्यासारख्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले आणि हलक्या बग्ग्यांचे युग सुरू झाले. आमच्या शेजारी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. तिथल्या साहेबांच्या बग्ग्यांना अशा कमानी असणारच. गावकऱ्यांच्या वाट्याला त्या आल्या टांग्यातून. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने रस्त्यावरून मोटारी चालवण्याचा विभाग काढला. आरंभी २७ गाड्या होत्या. तेव्हापासून लॉरीच्या पट्ट्यांच्या कमानी या राज्यात ओळखीच्या होऊ लागल्या.

कमानीचा कायदा मात्र त्याच्याही फार आधीचा. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला तो १६६० च्या सुमारास सापडला. पण कोणी चोरील या भीतीने त्याने १६७६ साली तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला, आणि १६७८ साली त्याची उकल केली. कायदा इतका साधा की तिसरीतल्या मुलाला कळावा. जेवढे वजन टाकाल तेवढ्या प्रमाणात कमान दबेल. वजन दुप्पट, दबणे दुप्पट. एखादी कमान एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, या आकड्याला तिचा ताठपणा म्हणायचे. या एका आकड्यावर पुढची सारी कहाणी उभी आहे.

१८८५ साली जर्मनीत डाइमलरने जी पहिली पेट्रोलची दुचाकी केली, तिचा सांगाडा लाकडी होता आणि पुढच्या चाकाला कमान नव्हती. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर काढला आणि दुचाकीला पहिली गादी मिळाली. पुढे मोटरसायकलीला गर्डर पद्धतीचा चिमटा आला. चिमट्याचा कैचीसारखा सांगाडा पुढे, चार छोट्या दुव्यांनी जोडलेला, आणि मध्ये एकच वेटोळ्यांची कमान. दबलेली कमान परत उसळते; ती उसळी आवरण्यासाठी बाजूला घर्षणाच्या चकत्या असत आणि त्या आवळायला हाताची एक फिरकी. स्वाराने रस्ता पाहून फिरकी पिळायची. पाऊस पडला, चकत्या ओल्या झाल्या, की हिशेब बिघडला.

१९३४ साली डेन्मार्कच्या निंबस मोटरसायकलीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा आला, आणि १९३५ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने अशाच नळ्यांत तेल भरून उसळी आवरण्याची सोय केली. कमान दबते तेव्हा आणि सुटते तेव्हा तेलाला बारीक भोकांतून वाट काढावी लागते; त्यात उसळीचा जोर जिरतो. कमान धक्का झेलते आणि तेल तिला शहाणपण शिकवते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, इंग्रजांच्या मॅचलेस या लष्करी गाडीला असाच चिमटा बसू लागला. युद्धानंतर हिंदुस्थानात मोडीत निघालेल्या लष्करी गाड्यांतून जुना गर्डर आणि नवा नळीचा, असे दोन्ही चिमटे लोकांनी पाहिले.

पुढचा इतिहास वाचकांपैकी कित्येकांच्या घरात उभा होता. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला बुलेट जुळवली जाऊ लागली. तिला तेलाच्या नळ्यांचा चिमटा होता. १९६१ साली म्हैसूरहून जावा निघू लागली. १९६२ पासून पोलंडच्या नमुन्यावरून राजदूत आली आणि दुधाच्या घागरी वाहत गावोगाव हिंडली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. त्यांच्या पुढच्या चाकाला तर एकाच बाजूने आधार. १९६१ सालीच मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडियाने धक्काशोषकांचा, म्हणजे आपल्या शॉकपचा, कारखाना उभारला. १९८५ नंतर शंभर सी.सी.च्या हलक्या गाड्या आल्या आणि मोटरसायकल पाटलाच्या वाड्यातून मास्तरांच्या ओसरीवर पोचली.

गाड्या आल्या, पण रस्त्याचे काय? आमची जमीन काळी, कापसाची आणि हळदीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा वर येतो, थोडा खाली बसतो. चार वर्षांत त्याच्या लाटा होतात. १९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली. माणसांनी डोंगराचा काळा दगड फोडून खडी केली आणि मराठवाड्यात कितीतरी रस्ते या खडीवर झाले. याच अनुभवातून पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. माझी माय त्या कामावर होती. मी चार वर्षांचा. बाभळीच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत धाकटी बहीण, खाली मी, आणि समोर हातोडीचा आवाज. औंढ्याच्या बाजूच्या रस्त्यात मायच्या हातची खडी आहे, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट.

त्याच रस्त्यावर १९८८ साली मी तिला पाडले.

मी तेव्हा वीस वर्षांचा. धाकट्या काकांनी जुनी मोटरसायकल घेतली होती. काका अंगाने दणकट, मागे कधी हळदीचे पोते, कधी खताचे. ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली जाई, आणि खड्ड्यात चिमटा तळाला जाऊन ठण्ण असा आवाज होई. मी कॉलेजात विज्ञान शिकत होतो; म्हणजे थोडे शिकलो होतो, आणि थोडे शिकलेला माणूस फार धोक्याचा. कमान मऊ आहे, ती ताठ करायला हवी, हे माझे निदान. नांदेडच्या जुन्या बाजारातून एका जड गाडीच्या जाड तारेच्या कमानी आणल्या. लांब होत्या, म्हणून कापून घेतल्या. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, तेल बघू का? सील गळतंय." मी म्हणालो, "मिस्त्री, तेल पुढच्या खेपेला. कमान बसवा." काकांनी हसून मान डोलावली. पोरगा शिकलेला, त्याला कळत असेल.

कमानी बसल्या. ठण्ण आवाज बंद झाला. गाडीचे नाक ताठ राहिले. मी आठ दिवस मिशीवर ताव देत फिरलो. श्रावणातल्या सोमवारी मायला औंढ्या नागनाथाच्या दर्शनाला न्यायचे ठरले. काकांना काम निघाले, म्हणून गाडी मी घेतली. वाटेत एका मोरीजवळ रस्त्याच्या तीन-चार लाटा लागोपाठ होत्या. पहिल्या लाटेला पुढचे चाक उसळले. ते खाली येते न येते तोच दुसरी लाट आली आणि उसळी वाढली. तिसऱ्या लाटेला चाक जमिनीवर नव्हतेच. हॅन्डल हातात हलके झाले, आणि चाक पुन्हा टेकले तेव्हा ते वाकडे होते. मला खरचटले. मायचे उजवे मनगट मोडले. ती रस्त्यावर बसून राहिली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो मला किती लागले याचा.

प्लास्टर सुटले, पण थंडीत ते मनगट कायमचे ठणकत राहिले. खडी फोडून न मोडलेले मनगट माझ्या अर्धवट विद्येने मोडले होते. मला कोणी बोलले नाही, हेच जड गेले.

प्लास्टर सुटायच्या आतच मी मिस्त्रींकडे गेलो. बसस्टँडजवळच्या त्या टपरीत त्यांनी चिमटा उघडला, नळ्या पालथ्या केल्या. एकीतून वाटीभर काळे पाणी निघाले, दुसरीतून तेवढेही नाही. "बघ भाऊ," ते म्हणाले, "कमान तू पैलवान आणलीस अन् तिला आवरायला कोणीच नाही ठेवलं." मग त्यांनी जे शिकवले, आणि पुढे पुस्तके वाचून मी जे ताडून पाहिले, ते थोडक्यात असे.

वेटोळ्यांच्या कमानीचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीवर फार झपाट्याने वाढतो. जाडीच्या चौथ्या घाताने. तार ४ मिलिमीटरची होती आणि ४.४ ची घेतली, म्हणजे केवळ दहा टक्के जाड, तर कमान ४६ टक्के ताठ होते. हाताला फरक कळतही नाही. वेटोळी कमी केली तरी ताठपणा वाढतो. ५० वेटोळ्यांतली ५ कापली तर उरलेली कमान ११ टक्के जास्त ताठ. मी जाड तारही घेतली होती आणि वेटोळीही कापली होती. एका चुकीवर दुसरी चढवली होती.

ताठ कमान जास्त जोराने उसळते. तिला आवरायला तेलही त्या मानाने जास्त प्रतिकार करणारे हवे. हे प्रमाण ताठपणाच्या वर्गमुळाने चालते. कमान ४६ टक्के ताठ, तर तेलाचा आवर सुमारे २१ टक्के जास्त. माझ्या गाडीत तो जवळजवळ शून्य होता. म्हणून प्रत्येक लाट आधीच्या उसळीत भर घालत गेली. झोपाळ्याला वेळेवर झोका देत राहावे तसे.

मग पोते तर मागे असते, पुढची कमान कशाला ताठ करायची? हा प्रश्न मी मिस्त्रींना विचारला. त्यांनी उत्तरादाखल टपरीसमोर गाडी ढकलून ब्रेक दाबला आणि नाक खाली जाताना दाखवले. हिशेब असा आहे. गाडी, स्वार आणि ओझे मिळून २५० किलो, त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, दोन चाकांतले अंतर १३७ सेंटिमीटर. गुरुत्वाच्या निम्म्या जोराने ब्रेक लावला तर मागच्या चाकावरचे सुमारे ५५ किलो वजन पुढच्या चाकावर येऊन पडते. प्रत्येक कमानीला मिलिमीटरमागे अर्धा किलो लागत असेल, तर दोन्ही मिळून एक किलो; म्हणजे चिमटा आणखी ५५ मिलिमीटर बसणार. याच वेळी खड्डा आला तर ठण्ण. तेव्हा माझे निदान सर्वस्वी खोटे नव्हते. जड स्वाराला थोडी ताठ कमान लागतेच. किती ताठ, आणि तिच्यासोबत आणखी काय, हे मला विचारायचे सुचले नव्हते.

दुसरी एक समजूत गावोगाव आहे. कमानीच्या वर नळीचा तुकडा किंवा चार वायसर घातले की कमान ताठ झाली, असे लोक मानतात. तसे होत नाही. त्याने कमानीवर आगाऊ दाब येतो आणि गाडी तेवढी वर उठते. पण पुढच्या प्रत्येक किलोला ती पूर्वीइतकीच दबते. दहा मिलिमीटरचा तुकडा घातला तर नाक दहा मिलिमीटर वर येईल, कमानीचा स्वभाव तोच राहील. मऊ माणसाला पाटावर बसवले म्हणून तो कणखर होत नाही.

खरी कसोटी बैठकीची. चिमट्याच्या नळीवर एक सुतळी किंवा रबरी कडे घट्ट बसवायचे. गाडी उचलून चाक अधांतरी असताना नळी किती उघडी आहे ते मोजायचे. मग रोजचा स्वार रोजच्या ओझ्यासह बसला की पुन्हा मोजायचे. समजा, चिमट्याची एकूण चाल १३० मिलिमीटर आहे आणि बसल्यावर ९२ उरली, तर बैठक ३८ झाली. रस्त्यावरच्या गाडीला चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे इथे ३३ ते ४३, बैठक चांगली. चाक खड्ड्यात उतरायलाही जागा हवी, म्हणून गाडी थोडी बसलेलीच बरी. एवढी बैठक साधायला बोटभराहून लांब तुकडे घालावे लागले, तर कमान मऊ आहे. तुकडा काढूनही गाडी बसतच नसेल, तर कमान फाजील ताठ आहे. नंतर ओळखीच्या खराब रस्त्यावरून फेरी मारून कडे कुठवर सरकले ते पाहायचे. वाईटातल्या वाईट खड्ड्याला ते तळाच्या जवळ जावे, पण तळाला लागू नये.

तेलाची पातळी मोजताना कमान बाहेर काढून चिमटा पूर्ण मिटवायचा आणि नळीच्या तोंडापासून खाली मोजायचे, दोन्ही पायांत अगदी सारखे. तेलावर जी हवा उरते तीही एक कमानच असते. कोंडलेली हवा दाबाल तसा तिचा प्रतिकार वाढतो, हे बॉइलने १६६२ साली सांगून ठेवले आहे. पातळी थोडी वाढवली तर शेवटच्या इंचात चिमटा जास्त नेटाने उभा राहतो. टोपण उघडताना मात्र जपायचे. आधी पुढचे चाक जमिनीवरून उचलून गाडीला भक्कम टेकू द्यायचा, आणि तोंड बाजूला ठेवून टोपण हळूहळू फिरवायचे. कारण खाली दबलेली कमान सुटायची वाटच पाहत असते. शेवटी कणा आवळण्यापूर्वी चिमटा चार वेळा दाबून सोडायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी सरळ बसतात.

मिस्त्रींनी त्या पैलवान कमानी भंगारात टाकल्या. मूळ कमानींपेक्षा थोड्याच ताठ अशा नव्या आणल्या, न कापता बसवल्या. सील नवे, तेल पहिल्यापेक्षा एक पायरी घट्ट. मागचे शॉकपही पाहिले, कारण पुढचे नाक उंच आणि मागचे बूड खाली असले की हॅन्डल जड होते. त्यांनी सुतळी बांधली, काकांना बसवले, मागे पोते ठेवले, मोजले, तुकडा दोन सूत कमी केला, पुन्हा मोजले. दुपार गेली. मजुरी सांगताना त्यांनी पहिल्या खेपेचे पैसे वजा केले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "तेव्हा मी तुझं ऐकलं, भाऊ. ऐकायला नको होतं. ती माझी चूक."

पुढे बरेच बदलले. १९९९ साली आम्ही परभणीचे हिंगोली जिल्ह्याचे झालो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोटरसायकलीचे पुढचे चिमटे आणि शॉकप आता आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एंड्युरन्स कंपनीत तयार होतात आणि देशभर जातात. एके काळी डेन्मार्क आणि जर्मनीत जन्मलेली ही वस्तू कडब्याच्या पेंढीवर बसून प्रवास करणाऱ्यांच्या नातवंडांनी घडवावी, याचे मला मोठे समाधान वाटते. रस्तेही सुधारले, पण काळी माती आपला स्वभाव सोडत नाही, आणि पावसाळ्यानंतर लाटा दिसतातच.

१९८९ च्या दिवाळीत, भाऊबीजेला मायला मामाकडे न्यायचे होते. एस.टी.ने जाऊ, असे मी म्हणालो. ती काही न बोलता पदर खोचून मोटरसायकलवर मागे बसली आणि डाव्या हाताने माझा खांदा धरला. वाट औंढ्याचीच. मोरी आली. मी वेग इतका कमी केला की बैलगाडीने मागे टाकावे. पहिली लाट, दुसरी, तिसरी. पुढचे चाक प्रत्येक लाटेबरोबर वर गेले आणि खाली उतरले, रस्ता सोडला नाही.

"दणका नाही रे लागला," माय म्हणाली. "चालव की जरा जोरात, बहिणीचं ओवाळणं दुपारी करायचं का?"